गोर माहिया : नैरोबीच्या हिरव्या-पांढऱ्या क्लबचा इतिहास

पूर्वकिनारा (धागाकर्ता)

आफ्रिकेतील फुटबॉलचा विषय निघाला की आपली चर्चा बहुधा कैरोच्या अल अहली आणि झामालेकपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पूर्व आफ्रिकेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून हा धागा केनियाच्या गोर माहिया या क्लबसाठी काढत आहे. बरीच वर्षे मी या क्लबविषयी जिथून मिळेल तिथून वाचत आलो आहे आणि माझे एक मत दिवसेंदिवस पक्के होत गेले आहे. राज्यकारभारात ज्यांना मनासारखा वाटा मिळाला नाही अशा एका समाजाने तो वाटा मैदानावर कमावला, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय या क्लबच्या चषकांचा अर्थ लागत नाही.

आधी नावाविषयी. गोर माहिया हे एका माणसाचे नाव आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, आजच्या होमा बे परिसरातील कान्यामवा भागात, गोर वुओद ओगादा नावाचा एक वैदू आणि मांत्रिक होऊन गेला. लुओ या तिथल्या समाजाच्या भाषेत ‘वुओद’ म्हणजे मुलगा, अर्थात ओगादाचा मुलगा गोर. ‘माहिया’ या शब्दाचा अर्थ चमत्कार. हा माणूस हवे ते रूप घेऊ शकत असे, कधी म्हातारी, कधी लहान मूल, तर कधी एखादे जनावर होऊन शत्रूच्या समोरून निघून जात असे, अशा गोष्टी लुओ घरांमध्ये आजही सांगितल्या जातात. क्लबचे दुसरे लाडके नाव ‘कोगालो’ हेही याच गोरच्या घराण्यावरून आले आहे. एखाद्या व्यावसायिक क्लबला आपल्या आजी-आजोबांच्या गोष्टींतल्या मांत्रिकाचे नाव असावे, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हाच या क्लबने मला धरून ठेवले.

लुओ लोक मूळचे सरोवराकाठचे. मोंबासाहून निघालेली युगांडा रेल्वे 1901 च्या डिसेंबरात किसुमूला पोहोचली. ती बांधायला ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते, हे आपल्याला ठाऊक आहेच. पुढे त्याच रुळांवरून लुओ तरुण नैरोबीला आणि मोंबासाला रेल्वेच्या, बंदराच्या आणि नगरपालिकेच्या नोकऱ्यांसाठी गेले. परक्या शहरात आजाऱ्याची सोय लावणे, मृताला गावी पोहोचवणे, नव्याने आलेल्याला आसरा देणे ही कामे लुओ युनियन नावाची संघटना पाहू लागली. तिच्या शाखा पूर्व आफ्रिकेतील शहराशहरांत होत्या आणि तिच्या नावाने फुटबॉलचा संघही खेळत असे.

17 फेब्रुवारी 1968 रोजी लुओ युनियन आणि लुओ स्टार्स हे दोन संघ एकत्र आले आणि गोर माहियाचा जन्म झाला. त्या वेळी लुओ समाजाचे दोन थोर पुढारी एकमेकांच्या विरुद्ध उभे होते. ओगिंगा ओडिंगा यांनी 1966 मध्ये उपराष्ट्राध्यक्षपद सोडून स्वतंत्र पक्ष काढला होता, तर टॉम एम्बोया सत्ताधारी पक्षाचे सरचिटणीस होते. क्लबच्या जन्मकथेत एम्बोयांचे नाव नेहमी घेतले जाते. पुढारी दुभंगलेले असताना संघ मात्र एक झाला, आणि त्याने पहिल्याच वर्षी, 1968 मध्ये, राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवले.

पुढचे वर्ष फार वाईट होते. 5 जुलै 1969 रोजी नैरोबीच्या भर बाजारपेठेत, औषधाच्या दुकानातून बाहेर पडत असताना, एम्बोयांना गोळ्या घातल्या गेल्या. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष केन्याटा किसुमूला रुग्णालयाच्या उद्घाटनाला आले असता जमाव खवळला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. काही दिवसांतच ओडिंगांना स्थानबद्ध करण्यात आले आणि त्यांच्या पक्षावर बंदी आली. एका समाजाचा एक पुढारी गेला, दुसरा कैदेत, पक्ष बंद. अशा वेळी चारचौघांत एकत्र जमून मोठ्याने ओरडण्याची जागा कोणती उरली असेल? फुटबॉलचे मैदान.

सत्तरच्या दशकात ॲलन थिगो आणि विल्यम ‘चेगे’ ओउमा यांच्यासारखे खेळाडू या मैदानाचे दैवत झाले. 1974 आणि 1979 मध्ये लीग जिंकली. 1976 चे विजेतेपद तर एकही सामना न गमावता मिळवले. 1979 मध्ये संघाने आफ्रिकन कप विनर्स कपच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली, आणि तिथे कॅमेरूनच्या कॅनन याउंडेने नैरोबीत 2-0 आणि याउंडेत 6-0 असे धुऊन काढले. दोन सामन्यांत मिळून आठ गोल स्वीकारले आणि स्वतः एकही केला नाही. या पराभवाचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे, कारण आठ वर्षांनी याच स्पर्धेत जे घडले त्याची गोडी या आठ गोलांशिवाय कळणार नाही.

1987 साली प्रशिक्षक होते जॅक जॉन्सन हे इंग्रज गृहस्थ, कर्णधार ऑस्टिन ओदुओर आणि गोल करणारा पीटर डावो. अंतिम फेरीत समोर ट्युनिसचा बलाढ्य एस्पेरान्स होता. पहिला सामना ट्युनिसमध्ये 2-2 असा बरोबरीत सुटला. 5 डिसेंबर 1987 रोजी नैरोबीच्या कासारानी मैदानावर दुसरा सामना 1-1 असा सुटला आणि परक्या मैदानावर केलेल्या जास्त गोलांच्या जोरावर गोर माहिया आफ्रिकेचा चषकविजेता ठरला. केनियाच्या कोणत्याही क्लबने खंडपातळीवरचा असा चषक त्याआधी जिंकला नव्हता आणि त्यानंतरही जिंकलेला नाही.

ज्यांना अधिक माहिती असेल त्यांनी जरूर भर घालावी.

मधलीफळी

लेख आवडला. 1987 च्या निकालाबद्दल थोडे खुलासेवार लिहितो, कारण परक्या मैदानावरच्या गोलांचा नियम आता युरोपातील क्लब स्पर्धांतून गेला आहे आणि नव्या वाचकांना तो माहीत नसण्याची शक्यता आहे.

दोन सामन्यांची बेरीज सारखी आली तर ज्या संघाने पाहुणा म्हणून जास्त गोल केले तो विजयी, असा तो नियम होता. ट्युनिसमध्ये दोन गोल करून गोर माहियाने निम्मी लढाई तिथेच जिंकली होती. नैरोबीत त्यांना गोलशून्य किंवा 1-1 अशी बरोबरी पुरेशी होती. 2-2 झाले असते तर प्रकरण पेनल्टीवर गेले असते, आणि त्याहून वाईट घडले असते तर चषक ट्युनिसला गेला असता. म्हणजे एस्पेरान्सच्या गोलनंतर 1-1 झाले तेव्हा प्रेक्षकांच्या दृष्टीने चषक हातात होता आणि तरीही एका चुकीच्या अंतरावर होता. अशा अवस्थेत वेळ संपण्याची वाट पाहणे किती जीवघेणे असते, ते ज्यांनी मैदानावर उभे राहून अनुभवले आहे त्यांनाच कळेल.

आणखी एक गोष्ट. कासारानीचे मैदान त्याच वर्षी आफ्रिकी क्रीडास्पर्धांसाठी खुले झाले होते. ऑगस्टमध्ये त्या स्पर्धांच्या फुटबॉल अंतिम सामन्यात केनियाचा राष्ट्रीय संघ इजिप्तकडून 1-0 असा हरला होता. म्हणजे त्या नव्याकोऱ्या मैदानाने आधी देशाचे दुःख पाहिले आणि चार महिन्यांच्या आत हा आनंद पाहिला. गोर माहियाच्या विजयाला त्या ऑगस्टची पार्श्वभूमी होती, म्हणून लुओ नसलेले केनियनही त्या दिवशी हिरव्या रंगाचे झाले, असे मला वाटते.

शब्दवेध

धागाकर्त्यांना दोन प्रश्न विचारायचे आहेत. या क्लबला ‘सिर्काल’ असेही म्हणतात असे वाचले होते. या शब्दाचा अर्थ काय? दुसरा प्रश्न थोडा अडचणीचा आहे. एका जमातीच्या नावाने चालणारा क्लब ही मूलतः संकुचित गोष्ट नाही का? अशा क्लबमुळे समाजासमाजांत तेढ वाढत नाही का? आपण त्याचे कौतुक करताना ही बाजू नजरेआड तर करत नाही ना?

पूर्वकिनारा (धागाकर्ता)

शब्दवेध, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मराठी माणसाला मोठे गोड वाटेल. ‘सिर्काल’ म्हणजे सरकार, आणि हा शब्द आपल्याच शब्दाचा सख्खा भाऊ आहे. मूळ फारसी ‘सरकार’ हिंदुस्थानातून अरबी समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला, स्वाहिलीत ‘सेरिकाली’ झाला आणि किनाऱ्यावरून आत सरोवरापर्यंत जाता जाता लुओ भाषेत ‘सिर्काल’ झाला. ज्या समाजाचा एकही माणूस आजवर देशाच्या राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचला नाही, त्याने आपल्या फुटबॉल संघाला ‘सरकार’ म्हणावे, यात माझ्या पहिल्या प्रतिसादातील सगळे म्हणणे आले.

याला एक पुरावा जोडतो. 1 ऑगस्ट 1982 रोजी केनियात लष्करी उठावाचा प्रयत्न झाला आणि त्यानंतर ओगिंगा ओडिंगांचे पुत्र रायला यांना तुरुंगात टाकण्यात आले. ते फेब्रुवारी 1988 मध्ये सुटले. म्हणजे 5 डिसेंबर 1987 च्या संध्याकाळी कासारानीवर चषक उंचावला जात होता तेव्हा, पुढे या क्लबचे आश्रयदाते झालेले रायला कोठडीत होते. हेच रायला ओडिंगा 15 ऑक्टोबर 2025 रोजी केरळमध्ये उपचारासाठी आलेले असताना वारले, ही बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती.

दुसरा प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. गोर माहिया लुओ समाजातून उभा राहिला, पण त्याच्या वतीने खेळायला लुओच असावे लागते असे नाही. 2017 मध्ये इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबविरुद्ध टांझानियातील दार-एस-सलाममध्ये झालेल्या सामन्यात गोर माहियाचा एकमेव गोल करणारा जाक तुयिसेंगे हा रवांडाचा होता. तो सामना वेन रुनीच्या एव्हर्टनमधील पुनरागमनामुळे जगभर पाहिला गेला आणि एव्हर्टनने 2-1 असा जिंकला, पण नैरोबीत चर्चा तुयिसेंगेच्या गोलचीच झाली. संघाचे प्रशिक्षकही इंग्लंड-स्कॉटलंडपासून बाल्कनपर्यंतच्या देशांतून आले. समाज हा क्लबचा पाया आहे, कुंपण नव्हे, असे मी मानतो. तेढीचा प्रश्न मात्र खरा आहे. त्यावर ज्यांनी मैदानात बसून सामने पाहिले आहेत त्यांनी लिहावे.

जुनानैरोबीकर

मी नोकरीच्या निमित्ताने नैरोबीत नऊ वर्षे राहिलो. तेव्हा गोर माहिया आणि ए.एफ.सी. लेपर्ड्स यांचे सामने न्यायो मैदानावर जाऊन पाहिले आहेत, म्हणून तेढीविषयी मीच लिहितो.

लेपर्ड्स हा लुह्या समाजाचा क्लब. स्थापना 1964 ची, तेव्हाचे नाव अबालुह्या युनायटेड. त्याला लाडाने ‘इंग्वे’, म्हणजे बिबट्या, म्हणतात. लुओ आणि लुह्या हे पश्चिम केनियातले शेजारी आहेत, पण त्यांच्या भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही. एक नाइल खोऱ्यातल्या भाषाकुळातली, दुसरी बांटू. शेजार मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा, आणि त्यामुळे लग्नसंबंध भरपूर. या दोन क्लबांच्या सामन्याला स्वाहिलीत ‘माशेमेजी डर्बी’ म्हणतात. ‘शेमेजी’ म्हणजे मेहुणा, दीर, नणंद, भावजय, थोडक्यात लग्नाने जुळलेले नाते. मराठीत सांगायचे तर मेहुण्या-मेहुण्यांचा सामना.

मी पाहिलेला पहिला सामना रविवारी दुपारी होता. मी ज्यांच्याबरोबर गेलो होतो ते आमच्या कार्यालयातील वयस्क लुओ सहकारी. त्यांची पत्नी लुह्या. सकाळी घरातून निघताना ती त्यांना म्हणाली होती, ‘जेवायला माझ्या भावालाही घेऊन या, रडत असेल तो.’ मैदानाच्या एका बाजूला निळ्या-पांढऱ्या कपड्यांतले लोक इसुकुती ढोल वाजवत होते. तीन ढोल, एक मोठा, एक मध्यम आणि एक लहान, आणि त्यांचा ठेका असा की बसलेला माणूस उठून उभा राहावा. आमच्या बाजूला हिरवा समुद्र. एका माणसाने अंगभर हिरवा रंग फासला होता आणि डोक्यावर गुरांच्या शिंगांचा मुकुट घातला होता. पायऱ्यांवरून मुले कागदाच्या पुड्यांत भाजलेले शेंगदाणे विकत फिरत होती, आणि बाहेर तिखट-लिंबू चोळलेली कणसे निखाऱ्यावर भाजली जात होती. मला त्या वासाने दादर चौपाटीची आठवण आली, हे मान्य केले पाहिजे. सामना गोर माहियाने जिंकला. रात्री जेवताना मेहुणे खरोखरच आले होते आणि जेवण होईपर्यंत कोणी फुटबॉलविषयी चकार शब्द काढला नाही.

हे सगळे असे गोडच असते असे मी म्हणणार नाही. मार्च 2012 च्या न्यायोवरील सामन्यात गोर माहियाच्या खेळाडूला लाल कार्ड मिळाल्यावर आसने उखडून फेकली गेली आणि खेळ बराच वेळ थांबला. दगडफेकीच्या अशा घटना इतरही आहेत आणि त्यांत निरपराध माणसे जखमी झाली आहेत. पण मी जे पाहिले त्यावरून सांगतो, ती मारामारी लुओ आणि लुह्या यांची नसते. ती हरलेल्या बाजूच्या रागाची असते, आणि त्या रागाला बेकारीचे इंधन असते.

मधलीफळी

जुनानैरोबीकर, सुंदर लिहिले आहे. या मेहुण्यांनी मिळून काय केले होते त्याची एक नोंद इथे करून ठेवतो, कारण ती मला फार विलक्षण वाटते. पूर्व आणि मध्य आफ्रिकेच्या क्लब अजिंक्यपद स्पर्धेत 1979 मध्ये अबालुह्या, 1980 आणि 1981 मध्ये गोर माहिया, 1982, 1983 आणि 1984 मध्ये लेपर्ड्स, आणि 1985 मध्ये पुन्हा गोर माहिया विजेते होते. सलग सात वर्षे हा चषक या दोघांच्या घरातून बाहेर गेला नाही. 1985 चा अंतिम सामना तर सुदानमध्ये या दोघांतच झाला. त्याआधी 1976 आणि 1977 मध्ये हीच स्पर्धा लुओ युनियनने जिंकली होती, म्हणजे विलीनीकरणानंतर पुन्हा वेगळा उभा राहिलेला तोच जुना संघ. दार-एस-सलामच्या सिम्बा आणि यांगा यांचा आज जो दबदबा आहे तो पाहून वाढलेल्या मुलांना हे सांगितले तर पटत नाही.

माझा प्रश्न असा आहे की एवढ्या उंचीवरून हा क्लब घसरला कसा? 1995 ते 2013 अशी अठरा वर्षे लीगचे विजेतेपद नाही, हे कोडे मला सुटलेले नाही.

पूर्वकिनारा (धागाकर्ता)

याचे उत्तर माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो.

गोर माहिया हा सभासदांचा क्लब. त्याचा कोणी मालक नाही. ऐंशीच्या दशकात ही ताकद होती, कारण स्पर्धेतील बहुतेक मोठे क्लब तसेच होते आणि तिकिटांचे पैसे हेच सर्वांचे उत्पन्न होते. ज्याच्यामागे लोक जास्त, त्याचा गल्ला मोठा. पुढे कंपन्यांचे संघ बळकट होत गेले. मद्यनिर्मिती कंपनीचा संघ, साखर कारखान्याचा संघ, फुलशेतीच्या कंपनीचा संघ. तिथे खेळाडूला महिन्याच्या महिन्याला पगार, कधी कधी खेळ संपल्यावर नोकरी. गोर माहियाकडे टाळ्या होत्या आणि पगार नव्हता. तिकिटाच्या गल्ल्यातून किती पैसे दारातच गळतात, हा तर केनियातील प्रत्येक मैदानाचा जुना रोग.

त्यात नव्वदच्या दशकात उपग्रह दूरचित्रवाणी आली आणि नैरोबीच्या हॉटेलांत शनिवार-रविवारी इंग्लंडचे सामने दिसू लागले. आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेडचे केनियन चाहते त्या काळात घडले. महासंघाचा कारभार तर इतका बिघडला की एका काळात देशात दोन वेगळ्या लीग चालत होत्या, आणि जागतिक महासंघाने 2004 आणि 2006 मध्ये केनियाला निलंबित केले. या पडझडीत गोर माहिया काही हंगाम तळाच्या भागात चाचपडत राहिला. तो खालच्या श्रेणीत मात्र कधी गेला नाही, याची चाहते आजही अभिमानाने आठवण काढतात.

राजकारणाचाही एक भाग आहे, जो मला महत्त्वाचा वाटतो. 1991 अखेर केनियात बहुपक्षीय राजवट परत आली. सभा भरू लागल्या, पक्ष निघाले, ओगिंगा ओडिंगा 1992 ची निवडणूक लढले. वीस-बावीस वर्षे जे ओरडणे केवळ मैदानावर शक्य होते, ते आता चौकात शक्य झाले. लोक क्लब विसरले नाहीत, पण क्लब ही त्यांची एकमेव जागा उरली नाही. ही माझी स्वतःची मांडणी आहे. ती कोणाला पटली नाही तर वाद घालायला मला आवडेल.

पुनरागमनाची कथा थोडक्यात सांगतो. 2012 मध्ये विजेतेपद थोडक्यात हुकले आणि 2013 मध्ये मिळाले. त्यानंतर 2014, मग 2015 मध्ये पुन्हा एकदा, 1976 प्रमाणेच, संपूर्ण लीगमध्ये एकही पराभव नाही. त्या 2015 च्या संघात मायकेल ओलुंगा होता. तो पुढे स्पेनच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये जिरोनाकडून तीन गोलांची हॅटट्रिक करून आला आणि 2020 मध्ये जपानच्या लीगचा सर्वाधिक गोल करणारा आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2017 ते 2020 या काळात आणखी चार विजेतेपदे आली, त्यांतले शेवटचे करोनामुळे हंगाम अर्ध्यावर थांबवून जाहीर झालेले. 2022-23 आणि 2023-24 ची धरून एकूण 21 विजेतेपदे होतात, आणि केनियात याहून जास्त कोणाचीही नाहीत.

ताळेबंद

मी येथे नवा सभासद आहे, पण मूळ लेखकाशी एका बाबतीत असहमत आहे, म्हणून लिहितो. आपण पुनरागमनाचे श्रेय ओलुंगासारख्या खेळाडूंना देता. माझ्या मते 2013 नंतरच्या यशाचा मोठा वाटा प्रायोजकाच्या, म्हणजे एका सट्टेबाजीच्या कंपनीच्या, पैशाचा होता. एव्हर्टनशी झालेले सामने, दार-एस-सलाममधला आणि 2018 मध्ये खुद्द लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवरचा, त्या सट्टेबाजीच्या कंपनीनेच घडवून आणले, कारण ती दोन्ही क्लबांची प्रायोजक होती. 2019 मध्ये कराच्या वादातून कंपनीने केनियातला पैसा काढून घेतला आणि क्लबची अवस्था किती नाजूक आहे ते उघडे पडले. फेब्रुवारी 2019 मध्ये ज्या संघाने नैरोबीत झामालेकला 4-2 असे हरवले होते, तोच क्लब डिसेंबर 2020 मध्ये अल्जीरियात सी.आर. बेलुइझदादकडून 6-0 असा हरला. मधल्या काळात खेळाडूंची गुणवत्ता एवढी कमी झालेली नव्हती. पगार थकले, चांगले खेळाडू टांझानियाला आणि झांबियाला निघून गेले. आपण ज्याला समाजाची ताकद म्हणता, ती समाजाची ताकद महिन्याचा पगार देऊ शकत नाही, हे मान्य करायला हवे.

पूर्वकिनारा (धागाकर्ता)

ताळेबंद, आपले म्हणणे बहुतांशी मान्य आहे आणि मूळ लेखात ही बाजू आली नाही ही माझी उणीव. एकच भर घालतो. तो पैसा गेल्यानंतरही क्लबने 2022-23 आणि 2023-24 अशी दोन विजेतेपदे मिळवली, आणि मधल्या 2022 मध्ये जागतिक महासंघाच्या निलंबनामुळे केनियाचे क्लब खंडपातळीवरच्या स्पर्धांपासून वंचित राहिले होते. पैशाशिवाय मोठा क्लब चालत नाही हे खरेच. पण पैसा गेल्यावर क्लब बुडाला नाही, तो लोकांनी धरून ठेवला, हेही तितकेच खरे. कंपन्यांचे जे संघ एके काळी बलाढ्य होते, त्यांतले साखर कारखान्याचे आणि फुलशेतीचे संघ आज कुठे आहेत?

शब्दवेध

माझ्या प्रश्नाला इतकी विस्ताराने उत्तरे मिळाली, याबद्दल सर्वांची आभारी आहे. माझे मत बरेचसे बदलले आहे. आता एकच शंका. 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष मोई यांनी जमातींच्या नावाच्या संघटनांवर आणि संघांवर बंदी आणली होती असे वाचले. मग या क्लबचे नाव कसे टिकले?

जुनानैरोबीकर

याचे उत्तर मला माझ्या त्याच सहकाऱ्यांनी दिले होते. सामन्याच्या दिवशी चाहते मोई ॲव्हेन्यूवर टॉम एम्बोयांच्या पुतळ्यापाशी जमतात. एम्बोयांना जिथे गोळ्या लागल्या ती जागा तिथून काही पावलांवर आहे. तिथून नाचत-गात, ‘गोर येतो आहे, वाट मोकळी करा’ अशा अर्थाच्या लुओ आरोळ्या देत सगळे मैदानाकडे चालत निघतात. आम्ही त्या गर्दीत उभे असताना मी त्यांना नेमके हेच विचारले होते.

ते म्हणाले, अबालुह्या म्हणजे लुह्या लोक, म्हणून तो क्लब ए.एफ.सी. लेपर्ड्स झाला. लुओ युनियनच्या नावात तर जमातीचे नाव सरळच होते, म्हणून तो री-युनियन झाला. आमच्या नावात जमात कुठे आहे? ते तर ओगादाच्या मुलाचे नाव. अधिकाऱ्यांनी यादी तपासली तेव्हा गोर तिथेच त्यांच्यासमोर उभा होता, आणि त्यांना दिसला नाही.